नात्यातलं लग्न: नाही

माझी मुलगी अकरा आठवड्यांची होती तेव्हा मी तिच्या फाइलवर एक खोटं उत्तर लिहवून घेतलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी घाईही केली नव्हती. नर्सने टॅबलेटमधून मान वर न काढता विचारलं, "आई-वडील एकमेकांच्या नात्यातले?" मी म्हटलं, "नाही." पुढचा प्रश्न आला, घरात कुणाला लिव्हरचा आजार? त्यालाही मी नाही म्हटलं. ते मात्र आम्हाला ठाऊक होतं तेवढं खरं होतं.

माझा नवरा माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा आहे.

आमच्या सांगलीकडे याचं कुणालाच काही वाटत नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असं हसत हसत म्हणतात आणि मग हसता हसता सुपारीही फोडतात. चुलतभाऊ म्हणजे भाऊ, त्याच्याशी लग्न ही कल्पनासुद्धा पाप. पण आतेभावाचं आडनाव वेगळं, कुळ वेगळं, देवक वेगळं, मग अडलंय कुठे? मी आठवीत असल्यापासून आत्या मला "सूनबाई" म्हणून हाक मारायची आणि मी चिडून तिच्या पाठीत धपाटे घालायची. नवऱ्याला मी त्याचं नाक वाहत होतं तेव्हापासून ओळखते. अजूनही आम्ही भांडतो ते लहानपणच्या भांडणांसारखंच, ओरडून आणि लगेच विसरून. लग्न मला कुणी गळ्यात बांधलं नाही, मी आवडीने केलं.

मग नाही का म्हणाले? तेच सांगायला बसलेय.

मी रियाधच्या एका मोठ्या हॉस्पिटलात टिश्यू लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. तो मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे. निदान डॉक्टर करतात, पण पंधरा वर्षं काचा रंगवल्यावर आपल्यालाही बरंच दिसायला लागतं.

दुपारी आम्ही सगळ्या भारतीय बायका एका टेबलाशी डबे उघडायचो. आजारी मुलांच्या गोष्टी निघायच्या आणि गाडी हमखास एकाच ठिकाणी येऊन थांबायची. हे सौदी लोक काकाच्या मुलीशी लग्न करतात, घरातल्या घरात, मग पोरं आजारी पडणार नाहीत तर काय! आणि हे बोलण्यात सगळ्यात पुढे कोण? मी. "शिकलेली माणसं ही, तरी अक्कल नाही," असं मी भाकरीचा तुकडा मोडत म्हणत असे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ती मीच. फोनवर सासूला "आत्या" म्हणताना कुणी ऐकलं तर मी सांगायचे की आमच्यात सासूला असंच म्हणतात. तेही खोटं नव्हतं, म्हणतातच.

त्या दिवशी टॅबलेट घेऊन बसलेली नर्स त्याच टेबलावरची. माझी मैत्रीण, लखनौची. तिच्याकडे मामेभाऊ काय, आतेभाऊ काय, सगळे राखी बांधायचे भाऊ. तिच्या तोंडावर "हो, माझा नवरा माझा आतेभाऊ आहे" असं म्हणायला माझी जीभच वळेना. एवढ्या एका लाजेपायी! आज वाटतं, स्वतःच्या हाताने स्वतःच्या थोबाडीत द्यावी.

मुलीचे डोळे सहाव्या आठवड्यापासून पिवळे होते. शी पांढरट, शाडूच्या मातीसारखी. नवरा तेव्हा खमीस मुशैतला होता, एका मोठ्या इमारतीच्या एसी प्लँटचा सुपरवायझर म्हणून. पंधरा दिवसांनी विमानाने यायचा आणि दोन दिवस राहून जायचा. त्यामुळे दवाखान्याचं सगळं मी एकटीच बघत होते आणि फाइलवर काय लिहिलंय ते त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. आत्याने सांगलीहून येणाऱ्या एकाबरोबर काविळीची माळ पाठवली. मी लॅबमध्ये काम करणारी बाई, तरी ती मुलीच्या गळ्यात घातली.

लिव्हरच्या डॉक्टरीणबाई सौदी होत्या, माझ्याच वयाच्या, बोलायला हळू. त्यांनी सोनोग्राफी केली, पित्ताची नळी बंद आहे का ते पाहिलं. बंद नव्हती. संसर्ग पाहिले, थायरॉइड पाहिलं, लघवी तपासली. पहिला तुकडा काढला त्यात लिव्हर सुजलेलं दिसलं, नेमकं कारण दिसलं नाही. "काही बाळांचं असं असतं आणि हळूहळू निवळतं," त्या म्हणाल्या. "वाट पाहू." वेगळ्या तेलाचं दूध दिलं, जीवनसत्त्वांचे थेंब दिले. मी वाट पाहत राहिले. फाइलमधला तो शब्द माझ्या मनात रोज यायचा आणि रोज मी त्याला समजवायचे, की त्याचा काय संबंध, आमच्या अख्ख्या भावकीत असं मूल कधी झालं नाही.

सहाव्या महिन्यापासून तिला खाज सुटायला लागली. पित्त रक्तात उतरलं की अंगभर खाजतं. एवढंसं लेकरू, त्याला सांगता येत नाही, ते पाळण्याच्या कठड्याला कान घासायचं. कानामागे रक्त यायचं. मी तिच्या हातांना मोजे घालायचे, ती ते तोंडाने ओढून काढायची. मधेच विसरायची आणि हसायची. एसीचा कॉम्प्रेसर धडधड करत सुरू झाला की तिला फार गंमत वाटायची, टाळ्या वाजवायची. नवरा फोनवर म्हणायचा, "बापाचा धंदा कळतोय बघ तिला."

आठव्या महिन्यात दुसऱ्यांदा तुकडा काढला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी काही खास रंग मागवले होते, पेशी-पेशींमधल्या जोडांची प्रथिनं दाखवणारे.

हे रंग आमच्याकडे एकच बाई करायची. लॅबची सौदी सीनियर, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. तिचा नवरा तिच्या काकाचा मुलगा. हे ती कुणालाही सांगायची, जसं आपण गावाचं नाव सांगतो तसं. तिचा एक मुलगा लहानपणीच गेला होता, तेही सांगायची. आमच्या डब्याच्या टेबलावर मी ज्यांच्या अकलेबद्दल बोलायचे त्यांत ती धरलेली होती. तिने मेणाचा तो चौकोनी ब्लॉक उचलला, त्यावरचा नंबर वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा तू कापायचा नाहीस," ती म्हणाली. "मी कापते. तू बाहेर जा, चहा पी."

मी गेले नाही. पलीकडच्या स्टुलावर बसून राहिले. तिने मला दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

आता हे थोडं समजावून सांगते, कारण माझी मुलगी यातच गेली. लिव्हरच्या पेशीला दिशा असते. आमच्या गावात दोन घरांच्या मध्ये एक चिंचोळा बोळ असतो. दोन्ही घरांच्या मोऱ्यांचं पाणी त्या बोळात सोडतात, पुढच्या अंगणात कुणी सोडत नाही. पेशीचंही तसंच. तिच्या एका अंगाला रक्त वाहतं आणि शेजारच्या पेशीला जिथे ती टेकते तिथे मधोमध पित्ताचा बारीकसा बोळ असतो. बोळाच्या दोन्ही कडांना त्या दोघी एकमेकींना घट्ट शिवून घेतात, म्हणून पित्त पित्ताच्या जागी राहतं आणि रक्त रक्ताच्या. ही शिवण जी प्रथिनं धरून ठेवतात त्यांतल्या एकाचं नाव टीजेपी-टू. ते नसलं की शिवणीचं दुसरं प्रथिन पेशी बनवते खरी, पण ते कडेला जाऊन बसत नाही, आत कुठेतरी भरकटतं. शिवण सैल पडते, रक्ताकडची बाजू कुठली आणि पित्ताकडची कुठली हा हिशोब पेशीला राखता येत नाही, आणि पित्त झिरपत झिरपत तिलाच मारतं.

या रंगात चांगल्या लिव्हरमध्ये पेशींच्या मधे तपकिरी रेघा दिसतात, बारीक, जोडीजोडीने. सीनियरने काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. बराच वेळ पाहिलं. मग ती उठली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं, नवा काप, नवा रंग. मला वाटलं, चला, रंग बिघडला असेल. पण आम्ही प्रत्येक काचेवर शेजारी एक चांगल्या लिव्हरचा तुकडा मुद्दाम लावतो, रंग नीट चढला की नाही हे कळावं म्हणून. दुसऱ्या काचेवर मी स्वतः डोळा लावला. शेजारच्या तुकड्यात तपकिरी रेघा स्वच्छ होत्या. माझ्या मुलीच्या तुकड्यात निळी केंद्रकं होती आणि मधे काहीच नव्हतं. मी काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. एक रेघ नव्हती.

सीनियरने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "तुझा नवरा तुझा कोण?" तिने विचारलं.

फाइलमध्ये काय लिहिलंय हे तिला दिसत होतं. तरी तिने विचारलं, आणि आवाजात आरोप अजिबात नव्हता. मी म्हटलं, "आत्याचा मुलगा." या देशात पहिल्यांदाच मी ते मोठ्याने म्हणाले.

"मग डॉक्टरकडे जा," ती म्हणाली. "आत्ता. यल्ला, चल. इथलं मी आवरते."

मी गेले. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, फाइल उघडली आणि तो शब्द बदलला. एवढंच करायचं होतं, एक शब्द बदलायचा होता. त्याच दिवशी माझं आणि मुलीचं रक्त जनुकांच्या तपासणीला काढलं. नवऱ्याचं पुढच्या शुक्रवारी तो आल्यावर. मी विचारलं, "मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर?"

"तर हे रक्त मी पहिल्याच दिवशी पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्याने सगळं बदललंच असतं असं मी म्हणणार नाही. काहीच बदललं नसतं असंही म्हणणार नाही."

नवऱ्याला मी फोनवरच सांगितलं. समोरासमोर सांगायचं धैर्य नव्हतं. पलीकडे प्लँटमधल्या मशिनींची घरघर चालू होती. तो बाजूला गेला, घरघर कमी झाली.

"पण का पण?" तो म्हणाला. "का म्हणालीस नाही म्हणून?"

"लाज वाटली."

"कुणाची? माझी?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आम्ही लहानपणापासून ओरडूनच भांडलो. त्या दिवशी तो फक्त म्हणाला, "बरं. ठेव. शुक्रवारी येतो."

आणि सगळ्यात जळजळीत गंमत अशी, की त्या लखनौच्या मैत्रिणीलाही मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हटलं, तुझ्यासमोर खोटं बोलले. "अरे पगली, हमको तो पता है तुम लोगों के यहाँ होता है," ती म्हणाली. "हम क्या कहते?" तिने स्वतःच्या डब्यातली भाजी माझ्या ताटात वाढली आणि डोळे पुसले. जिच्या भीतीने मी लेकराचे महिने घालवले, तिला त्याचं काही नव्हतंच.

रिपोर्टला पाच आठवडे लागले. एका जनुकातला एकच दोष मुलीच्या दोन्ही प्रतींमध्ये होता. एक प्रत माझ्याकडून, एक नवऱ्याकडून. माझे वडील आणि माझी आत्या एका आईच्या पोटचे. त्यांच्या आई-वडिलांपैकी कुणाकडे तरी तो दोष होता, तो दोघांकडे उतरला, दोघांनी आपापल्या लेकराला दिला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो एका जागी आणला. प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक, असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर चार गोल काढून दाखवलं. मी ते गोल नवऱ्याला दाखवत होते तेवढ्यात वडिलांचा फोन आला. आवाजात केवढा आनंद! माझ्या धाकट्या बहिणीचं ठरलं होतं. सुपारी फुटली होती.

मुलगा कोण, तर माझा दीर. नवऱ्याचा धाकटा भाऊ. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा होणार, आत्याची हौस पूर्ण होणार. "तुझ्या लेकराचं दुखणं आहे म्हणून थांबलो होतो," वडील म्हणाले, "पण घरात काहीतरी शुभ झालं तर तिलाही गुण येईल गं."

मी फोन ठेवला. नवरा म्हणाला, "सांगायला पाहिजे."

"थांब," मी म्हटलं.

हो, मीच म्हटलं. त्याच्या माथ्यावर टाकणार नाही. तो दोनदा म्हणाला आणि दोनदा मी थांबवलं. मला दिसत होतं काय होणार ते. आत्या म्हणणार, माझ्या लेकात खोट नाही, खोट हिच्यात, आणि पोरीचं दुखणं लपवलं तेही हिनेच. वडील म्हणणार, मोडलेल्या सुपारीची मुलगी कुणाच्या गळ्यात घालू? आणि मग विचारणार, तुम्हाला इतक्या उशिरा कसं कळलं? त्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. मी स्वतःला समजावलं की लग्नाने काय बिघडतंय, बिघडतं ते मूल झाल्यावर. लग्न होऊ दे, मुलीचं ऑपरेशन होऊ दे, मग बहिणीला शांतपणे एकटीला सांगू, दोघांचं रक्त तपासून घेऊ. किती शहाणी मी! घरी सांगितलं ते एवढंच, की लिव्हरचा आजार आहे, बापाच्या लिव्हरचा तुकडा लावणार आहेत.

तेही खरंच होतं. नवऱ्याचं रक्त जुळलं, लिव्हर चांगलं निघालं. ज्याच्याकडे दोषाची एकच प्रत असते त्याचं लिव्हर नीट चालतं, ते देता येतं. त्याने कंपनीकडून रजा घेतली, सिगारेट सोडली, सकाळी चालायला लागला. कफीलने, म्हणजे त्याला या देशात आणणाऱ्या मालकाने, एका शब्दाने अडवलं नाही. बहिणीच्या लग्नाला आम्ही गेलो नाही. व्हिडिओवर पाहिलं. अक्षता पडताना मुलगी माझ्या मांडीवर मोज्याच्या हाताने फोनची काच घासत होती. बहीण हिरव्या शालूत होती आणि स्क्रीनकडे बघून हात हलवत होती. मीही हलवला.

ऑपरेशनच्या आधीच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली. लिव्हरमध्ये एक मोठी, आणि दोन्ही फुप्फुसांत ठिपके.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघांना बसवून घेतलं. गाठ लिव्हरमध्येच असती तर लिव्हर बदलून भागलं असतं, आता बाहेर गेली आहे, आता ऑपरेशन करून काही मिळणार नाही. "एवढ्या लहान बाळाला गाठ?" नवऱ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "या आजारात होते. म्हणूनच तो लवकर ओळखायचा..." आणि तिथेच थांबल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. नवऱ्यानेही पाहिलं नाही. मला दोघांचा राग आला. एकदा तरी कुणीतरी माझ्याकडे बघून बोलायला हवं होतं.

ती गेली तेव्हा चौदा महिन्यांची होती. सकाळचे दहा वाजले होते, खिडकीत लख्ख ऊन होतं. पोट एवढं फुगलं होतं की फ्रॉक मागून कापून घालावा लागला होता. शेवटचे दोन दिवस औषधाने खाज थांबली होती, तेवढंच तिचं सुख. मी तिच्या हातांचे मोजे काढले. नखं वाढली होती, ती कापली. नर्सने "मी कापते" म्हटलं, मी नको म्हटलं.

तिला घरी न्यायची तर कागद लागतात. पोलिसांचा, दूतावासाचा, हॉस्पिटलचा. एवढ्याशा जिवाच्या पासपोर्टवरही फायनल एक्झिट मारून घ्यावी लागते, देश कायमचा सोडला म्हणून. नवरा पाच दिवस या खिडकीतून त्या खिडकीत फिरला. खिडकीतल्या माणसाने तिच्या इकाम्यावरची, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरची, जन्मतारीख वाचली आणि तो उठून उभा राहिला, असं त्याने मला सांगितलं.

आमच्यात एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. ओढ्याकडेच्या आमच्या रानात खड्डा काढला होता. माती काळी, ओली होती. आत्या ऊर बडवत होती, "दिष्ट लागली गं माझ्या सोन्याला, कुणाची लागली गं." बहीण माझ्या शेजारी उभी होती. लग्नाला जेमतेम अडीच महिने झालेले, हातात हिरवा चुडा कोपरापर्यंत. तिने मला मिठी मारली तेव्हा त्या बांगड्या माझ्या पाठीला रुतल्या. ती रडत रडत म्हणाली, "ताई, तुला परत होईल गं, हीच परत येईल." तेव्हा मी तिला बाजूला नेऊन सांगायला हवं होतं. त्या ओढ्याच्या काठावर, तिथल्या तिथे. दीर पाच हातांवर खोऱ्याने माती लोटत होता. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि गप्प बसले. चार दिवसांनी आम्ही परतलो.

नवरा खमीस मुशैतला गेला, मी लॅबमध्ये. सीनियरने माझं टेबल आवरून ठेवलं होतं. लिव्हरचे ब्लॉक आले की ती न बोलता स्वतःकडे ओढून घ्यायची. मी डब्याच्या टेबलावर बसत होते, पण कुणाच्या लग्नाचा विषय निघाला की उठून जात होते. रोज ठरवायचे, आज बहिणीला फोन करते. रोज काहीतरी कारण सापडायचं. तिचा सण आहे, तिची सासू घरात असेल, आत्ताच कुठे दुखवटा संपलाय.

मग एका शुक्रवारी सकाळी तिचाच फोन आला. मी कपडे वाळत घालत होते. ती अगदी हळू बोलत होती, बहुतेक मोरीत जाऊन.

"ताई, कुणाला सांगू नकोस हं. तीन महिने व्हायच्या आधी सांगत नाहीत. आईलाही नाही सांगितलं. तुलाच पहिली."

माझ्या हातात ओला टॉवेल होता. तिला वाटलं मला रडू आलं. ती म्हणाली, "मला माहितेय तुला कसं वाटत असेल. पण मला वाटलं तुला बरं वाटेल."

"कितवा?" मी विचारलं.

"आठवा आठवडा."

मी टॉवेल खाली ठेवला आणि सांगितलं. सगळं सांगितलं. दोष काय आहे, कुठून आला, तुझ्यातही असू शकतो, भाऊजींमध्येही असू शकतो. नसेलही. दोघांचं रक्त याच आठवड्यात दे. दोघांत निघालाच तर बाराव्या आठवड्याच्या आसपास बाळाचंही तपासता येतं, पण दिवस घालवू नकोस, एकही घालवू नकोस. मी लॅबमध्ये बोलते तशी भराभरा, एकापाठोपाठ एक सांगत गेले, कारण थांबले असते तर पुढचं तोंडातून निघालं नसतं. फाइलवर मी काय लिहवून घेतलं होतं, तेही सांगितलं.

मला वाटलं फोन कटला. "ऐकतेयस ना?" मी म्हटलं.

"हे तुला कधी कळलं?" तिने विचारलं. आवाज आता हळू नव्हता. "माझ्या लग्नाच्या आधी?"

"हो."

"किती आधी?"

"तुझी सुपारी फुटली त्याच दिवशी. बाबांचा फोन आला तेव्हा रिपोर्ट माझ्या हातात होता."

ती रडली नाही. मी तिला लहानपणापासून ओळखते, ती लगेच रडते. या वेळी रडली नाही. मागे कुणीतरी दार वाजवलं, "आले," असं ती ओरडली आणि परत फोनवर आली.

"रक्त कुठे द्यायचं त्या दवाखान्याचं नाव लिहून पाठव," ती म्हणाली. "आणि नंतर मला फोन करू नकोस."